घड्याळाशी शर्यत : हंगामाच्या शेवटी सायकलस्वाराने स्वतःला कसे मोजावे?

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी वाचकाला माहीत असते ते श्रीगोविंदप्रभूंमुळे, महानुभाव ग्रंथपरंपरेमुळे आणि अलीकडे तेथे सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठामुळे. आपल्याला मात्र आज या गावाकडे एका वेगळ्याच कामासाठी जायचे आहे. तेथल्या शिवारातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आपण एक सायकलस्वार उभा करणार आहोत. हा सायकलस्वार काल्पनिक आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे एक गुरुजी, वय चाळिशीच्या आसपास, हौशी सायकलपटू, अशी त्यांची कल्पना करू या. गुरुजी काल्पनिक असले, तरी त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर शोधताना वापरायचे भौतिकशास्त्रही खरे आहे.

गुरुजींचा सायकलीचा हंगाम पावसाळा संपला की सुरू होतो आणि उन्हाची झळ लागेपर्यंत चालतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शांत पहाटे त्यांनी १० किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत येण्याची, म्हणजे एकूण २० किलोमीटरची, वेळ घेतली. ती बरोबर ४० मिनिटे भरली. मग चार महिने त्यांनी नेमाने सराव केला. थंडीत अंथरूण सोडले, चढ चढले, खाण्यापिण्यावर लक्ष ठेवले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हंगामाची अखेरची चाचणी घेतली, तेव्हा घड्याळाने दाखवले ४० मिनिटे १७ सेकंद. चार महिन्यांच्या कष्टानंतर गुरुजी १७ सेकंद मागे गेले होते!

आता गुरुजींनी काय समजावे? सराव वाया गेला, वय झाले, की मोजण्यातच काही राहून गेले? आपण हाच प्रश्न सोडवू या.

शर्यत, पण एकट्याची

सायकलीच्या शर्यती दोन प्रकारच्या असतात. मुंबई-पुणे शर्यतीसारख्या शर्यतीत सगळे स्वार एकदम सुटतात. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्या स्वाराला हवेचा रोध बराच कमी होतो आणि त्याचे साधारण पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. त्यामुळे तेथे ताकदीइतकेच डावपेच चालतात. कोणाच्या मागे राहायचे आणि कधी पुढे निघायचे, यावर निकाल ठरतो.

दुसरा प्रकार म्हणजे टाइम ट्रायल. यात स्वार एकेक मिनिटाच्या अंतराने सुटतात, कोणी कोणाचा आडोसा घ्यायचा नाही, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकतो. ही पद्धत रुजली ब्रिटनमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना विरोध होऊ लागला. त्यावर बिडलेक नावाच्या सायकलप्रेमी गृहस्थाने १८९५ साली तोड काढली. स्वार एकेकटे सोडायचे, तेही भल्या पहाटे आणि काळपट कपड्यांत, म्हणजे ही शर्यत आहे असे कोणाला वाटूच नये. पुढे ब्रिटनमधल्या हौशी सायकलपटूंचा हा आवडता खेळ झाला. शरद ऋतूत त्यांचा हंगाम संपतो तो चढावरच्या टाइम ट्रायलने. ती परंपराही आपल्या कामी येणार आहे.

या शर्यतीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात भाग घ्यायला दुसरा स्वार लागतच नाही. रस्ता तोच, अंतर तेच, सायकल तीच आणि प्रतिस्पर्धी म्हणजे गेल्या वेळचे आपण. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हा एक प्रयोगच आहे. आणि प्रयोगाचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गुरुजींच्या प्रयोगात नेमके तेच झाले नाही. ते कसे, हे पाहण्यासाठी आधी सायकलस्वाराची शक्ती कोठे खर्च होते ते पाहू.

शक्ती जाते कोठे?

सपाट रस्त्यावर सायकल एकाच वेगाने चालवताना दोन मुख्य अडथळे असतात. पहिला टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा. हे बल वेगावर फारसे अवलंबून नसते. ते वजन, टायरमधली हवा आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांवर ठरते. दुसरा अडथळा हवेच्या रोधाचा. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून घर्षणावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, तर हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते.

आकडे घेऊन पाहू. गुरुजी आणि सायकल यांचे मिळून वजन ८० किलोग्रॅम आहे. घर्षणाचा गुणांक ०.००६ धरू. हवेची घनता दर घनमीटरला १.१५ किलोग्रॅम आहे. समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटर उंचीवर, २२ अंश सेल्सिअसला ती साधारण एवढी असते. हवेला आडवे येणारे परिणामी क्षेत्रफळ ०.४० चौरस मीटर धरू. हात सरळ ठेवून बसलेल्या स्वाराचे ते सुमारे एवढे भरते. या आकड्यांवरून निरनिराळ्या वेगांना लागणारी शक्ती अशी येते :

ताशी २० कि.मी. — ६६ वॅट
ताशी २५ कि.मी. — ११० वॅट
ताशी ३० कि.मी. — १७२ वॅट
ताशी ३५ कि.मी. — २५७ वॅट
ताशी ४० कि.मी. — ३६८ वॅट

वेग २० वरून ४० केला, म्हणजे दुप्पट केला, तर शक्ती दुप्पट नव्हे, साडेपाचपट लागते. २० किलोमीटरला ४० मिनिटे म्हणजे ताशी ३० किलोमीटर. तेव्हा ऑक्टोबरात गुरुजींची शक्ती १७२ वॅट होती. त्यांपैकी १३३ वॅट एकट्या हवेने खाल्ले आणि ३९ वॅट घर्षणाने. म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर भाग हवेचे. ज्या शर्यतीत तीनचतुर्थांशाहून अधिक खर्च हवेवर होतो, तिचा निकाल हवेला विचारल्याशिवाय कसा वाचायचा?

जाताना सोसलेले येताना मिळते का?

गुरुजींनी जाऊन-येऊन रस्ता निवडला, यामागे एक समजूत होती. जाताना वारा समोरून असला तर येताना तो पाठीशी असेल, आणि तोटा-नफा सारखा होऊन फिटंफाट होईल. वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक विद्यार्थी हेच उत्तर देतील. ते चूक आहे.

समजा, ऑक्टोबरातल्याच १७२ वॅट शक्तीने गुरुजी निघाले, पण ताशी १० किलोमीटरचा वारा थेट समोरून आहे. वरच्याच सूत्रात सायकलीच्या वेगाऐवजी हवेच्या सापेक्ष वेग घातला, की जातानाचा वेग ताशी २४.३ किलोमीटर येतो आणि पहिले १० किलोमीटर जायला २४ मिनिटे ४३ सेकंद लागतात. येताना वेग ताशी ३६.४ किलोमीटर होतो आणि १६ मिनिटे ३० सेकंद लागतात. एकूण ४१ मिनिटे १३ सेकंद. वारा नसता तर ४० मिनिटे लागली असती. म्हणजे वाऱ्याने जाताना जे घेतले, ते येताना पुरते परत दिले नाही. ७३ सेकंद ठेवून घेतले.

असे का होते? कारण समोरच्या वाऱ्यात आपण सावकाश जातो, म्हणून तो वारा आपण अधिक वेळ सोसतो. पाठीशी वारा असतो तेव्हा आपण झपाट्याने जातो, म्हणून त्याचा लाभ थोडाच वेळ मिळतो.

येथे गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक गंमत आहे. २४.३ आणि ३६.४ यांची साधी सरासरी ३०.३५ येते. म्हणजे साधी सरासरी काढणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेल, की गुरुजी वाऱ्यात जरा जास्तच वेगाने गेले! खरा सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. तो २९.१ येतो. अंतरे सारखी असली, तर वेगांची साधी सरासरी न घेता हरात्मक मध्य घ्यावा लागतो, हे फळ्यावर सांगून जितके पटत नाही तितके या उदाहरणाने पटते.

थंड हवा जड असते

दुसरी बदललेली गोष्ट म्हणजे तापमान. वायू थंड झाला की त्याची घनता वाढते. दाब तोच असेल, तर घनता केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. वऱ्हाडात १२ अंशांच्या पहाटे हवेची घनता सुमारे १.१९ असते, तर ३५ अंशांच्या दुपारी सुमारे १.१०. फरक आठ टक्क्यांच्या आसपास आहे. वारा नसताना १७२ वॅटच्या स्वाराला २० किलोमीटरसाठी थंड पहाटे ४० मिनिटे २५ सेकंद लागतील, तर उन्हाच्या दुपारी ३९ मिनिटे २८ सेकंद. माणसात तसूभर फरक न पडता ५७ सेकंदांचा फरक!

विरळ हवेचा हा फायदा मोठमोठ्या सायकलपटूंनी जाणून घेतला आहे. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली एका तासात ४९.४३१ किलोमीटर जाण्याचा विक्रम केला, तो मुद्दाम मेक्सिको सिटीत. हे शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकपंचमांशाने विरळ आहे. अर्थात विरळ हवेत प्राणवायूही कमी मिळतो, त्यामुळे हा सौदा हिशेब करूनच करावा लागतो.

उन्हाच्या सौद्यातही अशीच मेख आहे. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २३ टक्के असते. पायडलवर १७२ वॅट पोहोचवायला शरीर सुमारे ७५० वॅट दराने ऊर्जा खर्च करते आणि उरलेल्या पावणेसहाशे वॅटची उष्णता होते. ही उष्णता घामाने बाहेर टाकायची, तर ४० मिनिटांत अर्ध्या लिटरहून अधिक घामाचे बाष्पीभवन व्हायला हवे. मार्च-एप्रिलच्या वऱ्हाडी उन्हात शरीर तापते, रक्ताचा मोठा हिस्सा त्वचेकडे वळतो आणि स्नायूंना कमी पडतो. हवेत वाचवलेले शरीरात गमावले जाते. म्हणून आपल्याकडे हंगाम उन्हाआधी संपतो, तेच शहाणपणाचे आहे.

गुरुजींचा निकाल पुन्हा वाचू

आता फेब्रुवारीतल्या त्या सकाळकडे वळू. गुरुजींच्या वहीत नोंदी होत्या : तापमान १४ अंश, गार वारा सुटलेला, जाताना समोरून. जातानाची वेळ २४ मिनिटे ६ सेकंद, येतानाची १६ मिनिटे ११ सेकंद. बेरीज ४० मिनिटे १७ सेकंद.

जाण्या-येण्याच्या वेळांतील हा मोठा फरकच वाऱ्याची साक्ष देतो. तो ताशी सुमारे १० किलोमीटर होता असे धरले आणि १४ अंशांची घनता, १.१८, घेतली, तर या दोन्ही वेळा जुळवायला किती शक्ती लागते? उत्तर येते १८६ वॅट. ऑक्टोबरात ती १७२ होती. म्हणजे गुरुजींची ताकद आठ टक्क्यांनी वाढली आहे! हेच १८६ वॅट ऑक्टोबरातल्या शांत पहाटे वापरता आले असते, तर वेळ ३८ मिनिटे ४९ सेकंद भरली असती. घड्याळाने १७ सेकंदांची पीछेहाट दाखवली. हिशेब ७१ सेकंदांची प्रगती दाखवतो. घड्याळ खोटे बोलले नाही. त्याने गुरुजी, वारा आणि थंडी या तिघांची मिळून वेळ सांगितली. आपण ती एकट्या गुरुजींची समजलो.

उलटेही घडू शकते. काहीही सराव न केलेला एखादा स्वार पहिली चाचणी डिसेंबरच्या पहाटे आणि दुसरी मार्चच्या उबदार, शांत सकाळी देईल आणि अर्धा मिनिट कमी लागले म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेईल. न मिळवलेली शाबासकी ही वाया गेलेल्या कष्टांइतकीच फसवी असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परिस्थिती अगदी सारखी असली, तरी सरावलेल्या स्वाराचीही वेळ दर खेपेला एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होते. ४० मिनिटांचा एक टक्का म्हणजे २४ सेकंद. म्हणून एकाच चाचणीतल्या १७ सेकंदांवरून, मग ते कमी असोत की जास्त, निकाल देऊ नये.

घाट हा उत्तम तराजू

हा हिशेब वाऱ्याच्या अंदाजावर उभा आहे. वारा थेट समोरून नव्हता, मध्येच पडला, झाडांच्या आडोशाने कमी लागला, असे काहीही झाले असेल. हवामान केंद्रातला आकडा घ्यावा, तर तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा असतो. सायकलस्वाराच्या उंचीवर वारा त्याहून कमी असतो. मग आपले उत्तर पडताळायचे कसे? येथे ब्रिटनच्या हौशी स्वारांची ती जुनी परंपरा कामी येते : हंगामाची शेवटची शर्यत चढावर.

रिद्धपूरच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा रस्ता सायकलपटूंना चांगला ठाऊक आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. समजा, गुरुजींनी अशा घाटात पाच किलोमीटरचा, एकूण ३०० मीटर चढाचा टप्पा निवडला. ऑक्टोबरात तो चढायला त्यांना २६ मिनिटे १२ सेकंद लागली होती. त्यांची शक्ती किती, हे आता आठवीचा विद्यार्थीही काढू शकेल. वस्तुमान ८०, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ३०० यांचा गुणाकार २,३५,२०० ज्यूल. त्याला १,५७२ सेकंदांनी भागले की सुमारे १५० वॅट. त्यात घर्षणाचे १५ आणि हवेचे ७ मिळवले, की १७२. सपाटीवरचे उत्तर जुळले!

घाटातला वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आत असल्यामुळे तेथे शंभरातले जेमतेम चार भाग हवेवर खर्च होतात. सपाटीवर ते सत्त्याहत्तर होते. म्हणून मंद वाऱ्याने किंवा थंडीने घाटातली वेळ फारशी बिघडत नाही. गुरुजींची शक्ती खरोखर १८६ वॅट झाली असेल, तर फेब्रुवारीत त्यांना हाच टप्पा २४ मिनिटे २५ सेकंदांत चढता आला पाहिजे, म्हणजे पावणेदोन मिनिटे आधी. तसे झाले तर वाऱ्याविषयीचा आपला अंदाज बरोबर. नाही झाले, तर अंदाज चूक. विज्ञानात आपण हेच करतो. एका मापाविषयी शंका आली, तर ज्यावर त्या शंकेचा परिणाम होणार नाही असे दुसरे माप घेतो.

हल्ली यासाठी उपकरणेही मिळतात. जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी १९८६ साली पायडलच्या दांड्यातला सूक्ष्म ताण मोजून शक्ती सांगणारे यंत्र तयार केले. व्यावसायिक सायकलपटू आज असे पॉवर मीटर सर्रास वापरतात. पण ज्याच्याजवळ घाट आणि घड्याळ आहे, त्याचे या महाग यंत्रावाचून अडत नाही.

सराव आणि शहाणपण

आठ टक्के शक्ती वाढायला चार महिने का लागले? कारण शरीर सावकाश घडते. सराव सुरू झाला की रक्तातील द्रवाचे प्रमाण आठ-दहा दिवसांत वाढते. स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढायला आठवडेच्या आठवडे जातात. तांबड्या पेशींचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून हंगामाच्या पहिल्या भागात लांब पल्ल्याचे, गप्पा मारता येतील इतक्या बेताच्या वेगाचे फेरे घ्यायचे, आणि नंतर आठवड्यातून एक-दोनदा तीन ते पाच मिनिटांचे जोरकस टप्पे, मधे विसावा घेत, करायचे, अशी साधारण रीत आहे.

शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र हौशी स्वार हटकून एक चूक करतात. चाचणी जवळ आली म्हणून ते सराव वाढवतात. करायचे असते नेमके उलटे. सरावाने दोन गोष्टी साठतात, ताकद आणि थकवा. थकवा लवकर ओसरतो, ताकद सावकाश उतरते. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणावे, पण थोडा वेळ का होईना जोरात चालवणे सोडू नये. एवढ्याने कामगिरी साधारण दोन-तीन टक्क्यांनी सुधारते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. नांगरट झालेली जमीन शेतकरी उन्हात तापू देतो, लगेच पेरत नाही. त्यातलाच हा प्रकार.

काही लाभ तर सरावावाचूनही मिळतो. कोपरे वाकवून, पाठ खाली घेऊन बसले आणि हवेला आडवे येणारे क्षेत्रफळ ०.४० वरून ०.३४ चौरस मीटरवर आणले, तर १७२ वॅटमध्येच २० किलोमीटर ३८ मिनिटे ६ सेकंदांत होतात. तेवढा वेग ताठ बसून गाठायचा, तर १९५ वॅट लागतील, म्हणजे १३ टक्के अधिक ताकद! १९८९ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. हात पुढे जुळवून वाकून बसता येईल असा दांडा त्याने लावला होता आणि डोक्यावर निमुळते शिरस्त्राण होते. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ साधा दांडा घेऊन, उघड्या डोक्याने, केसांची शेंडी उडवत निघाला. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद भरून काढले आणि ३,२८५ किलोमीटरची शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

वेगाची वाटणी हाही शिकण्याचा विषय आहे. ताशी ३० ऐवजी ३३ ने सुरुवात केली, तर वेग दहा टक्के वाढतो, पण शक्ती २८ टक्के अधिक लागते. पाच मिनिटांतच छाती भरून येते आणि मिळवलेले सेकंद पुढे दामदुपटीने फेडावे लागतात. समोरून वारा असताना थोडा जास्त जोर आणि पाठीशी असताना थोडा कमी, एवढाच फेरफार फायद्याचा ठरतो. कारण जेथे अधिक वेळ जातो तेथेच वेळ वाचवता येतो.

शक्ती पुरवून वापरण्याची कसोटी किती मोठी असू शकते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पुरी केली. मुदत होती १२ दिवसांची. या शर्यतीत झोपेसाठीही घड्याळ थांबत नाही. विश्रांती धरून त्यांचा सरासरी वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास पडतो. आकडा लहान दिसतो, पण तो बारा दिवस टिकवायचा असतो. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनी हीच शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली होती. पेशाने डॉक्टर असलेले हे लोक आपला व्यवसाय सांभाळून तेथवर पोहोचले.

शाळेत करून पाहा

वरचे प्रयोग शाळेच्या पातळीवर सहज करता येतात. वर्दळ नसलेला सपाट रस्ता निवडावा. संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात ट्रकची ये-जा फार असते, तेव्हा शाळेचे मैदानही चालेल. दोन्ही टोकांना मोठे माणूस उभे करावे आणि डोक्याला हेल्मेट हवेच.

पहिला प्रयोग : ताशी १० किलोमीटर वेग आल्यावर पायडल मारणे थांबवावे आणि सायकल किती लांब जाऊन थांबते ते मोजावे. चांगली हवा भरलेल्या टायरवर ती साधारण ५०-६० मीटर जाईल. मग हवा निम्मी करून पुन्हा मोजावे. घर्षणाचा धडा कायमचा लक्षात राहील.

दुसरा प्रयोग : वारा असलेल्या दिवशी एकाच विद्यार्थ्याने सारख्याच श्रमाने अर्धा किलोमीटर जाऊन परत यावे. दोन्ही वेळा वेगळ्या लिहाव्या आणि साधी सरासरी व खरी सरासरी यांची तुलना करावी.

तिसरा प्रयोग : पुलाचा किंवा टेकडीचा चढ, नाहीतर शाळेचा जिना घ्यावा. उंची मोजून, चढायला लागलेल्या वेळेवरून प्रत्येकाने आपली शक्ती वॅटमध्ये काढावी.

दर खेपेला तापमान, वारा, टायरची हवा आणि वेळ यांची नोंद झालीच पाहिजे. पहाटे लवकर मोजणे चांगले. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत जमिनीलगतची हवा बहुधा शांत असते, आणि आठ-नऊनंतर वारा वाढत जातो.

हे वाचताना शिक्षकांच्या मनात आणखी एक विचार आला असेल. पहिल्या चाचणीत ६२ आणि वार्षिक परीक्षेत ६० गुण मिळवणारा विद्यार्थी खरोखर मागे गेला, की दुसरी प्रश्नपत्रिका कठीण होती? की त्या दिवशी तो तापाने फणफणला होता? एका आकड्यावरून त्याला ‘घसरला’ असे म्हणण्याआधी आपण त्याच्या वाटेतला वारा मोजला होता का? आपल्या गुरुजींनी वहीत तापमान आणि जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या लिहून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांचे चार महिन्यांचे कष्ट त्यांना परत सापडले. नुसते ४० मिनिटे १७ सेकंद लिहिले असते, तर सायकल खुंटीला लागली असती.